ग्लासगोच्या जुन्या बोळांचीं छायाचित्रें : अस्सल, नक्कल व प्रक्षेप

जुन्या कागदपत्रांची पारख करण्यांत ज्यांचा जन्म गेला अशा वाचकांपुढें छायाचित्रांचा विषय आणणें म्हणजे थोडें धाडसच होय. आमच्या संग्राहकांच्या पेट्यांत छायाचित्रें नसतात असें नाहीं. परंतु तीं बहुधा संस्थानिकांचीं, पुढाऱ्यांचीं, किल्ल्यांचीं अगर देवळांचीं असतात. ज्या आळींत हजारों माणसें जन्मलीं आणि मेलीं त्या आळीचें, तिच्या तोंडावरील दुकानाचें, बोळांतील दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांचें चित्र हातीं आलें तर तें बाजूस सारण्याकडेच कल असतो. कारण विचारावें तर "यांत ऐतिहासिक असें काय आहे?" असा उलट प्रश्न येतो. या प्रश्नाचा विचार करण्यास टॉमस ॲनन या स्कॉटिश छायाचित्रकारानें ग्लासगो शहरांतील जुन्या वस्तीचीं घेतलेलीं छायाचित्रें फार उपयोगी आहेत. तीं सर्वतोमुखीं झालेलीं आहेत व त्यांची स्तुतिही अमूप झाली आहे. परंतु ती स्तुति बहुतेक कलेच्या अंगानें झाली. साधन या नात्यानें त्यांची छाननी करूं गेल्यास जे प्रश्न उपस्थित होतात ते बखरींच्या व पोथ्यांच्या अभ्यासकास तत्काळ ओळखीचे वाटतील.

ग्लासगोचें जुनें गांव एका चौकाभोंवतीं वसलेलें आहे. चौकापासून उत्तरेस चढत कॅथीड्रलकडे जातो तो हाय स्ट्रीट, दक्षिणेस क्लाइड नदीकडे उतरतो तो सॉल्टमार्केट, पूर्वेस गॅलोगेट व पश्चिमेस ट्राँगेट. रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या घरांमागें पूर्वीं लांबच लांब परसें होतीं. वस्ती वाढली तशीं या परसांत घरामागें घर उठलें, आणि त्या मागल्या घरांकडे जाण्यास रस्त्यावरील घराच्या पोटांतून एक चिंचोळी वाट तेवढी राहिली. तिला तिकडे 'क्लोज' म्हणतात. आपला बोळ तो हाच. मात्र येथें दोन्ही बाजूंस तीनचार मजल्यांच्या दगडी भिंती सरळ वर जातात. एके काळीं या घरांतून सधन व्यापारी राहत. ते पश्चिमेकडील नव्या पेठांत निघून गेल्यावर मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या झाल्या, आणि हायलंड्समधून व आयर्लंडांतून पोटासाठीं आलेल्या मजुरांनीं त्या भरून गेल्या. टायफस तापाच्या सांथी वरचेवर येऊं लागल्या. इ. स. १८६३ त शहरानें डॉक्टर विल्यम गेर्डनर यांस पहिले आरोग्याधिकारी नेमलें, आणि १८६६ सालीं पार्लमेंटनें ग्लासगोच्या सुधारणेचा कायदा मंजूर केला. त्या कायद्यान्वयें निघालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टला सुमारें ८८ एकरांतील घरें विकत घेऊन पाडण्याचा अधिकार मिळाला. या टापूंत त्या वेळीं पन्नास हजारांवर माणसें राहत होतीं.

या ट्रस्टच्याच सांगण्यावरून १८६८ पासून ॲनननें हीं चित्रें घेतलीं. त्याचा जन्म १८२९ चा, फाइफ परगण्यांतला. धंदा प्रथम कोरणाराचा. १८५५ सालीं त्यानें ग्लासगोस छायाचित्रणाचें दुकान काढलें. तैलचित्रांच्या हुबेहूब नकला करून देणारा म्हणून त्याची ख्याति होती, आणि लॉक कॅट्रिन या सरोवरांतून शहरास पाणी आणण्याचें जें मोठें काम झालें त्याचींही चित्रें त्यानें घेतलेलीं आहेत. म्हणजे दुसऱ्यानें सांगितलेली वस्तु जशी आहे तशी उतरवून देणें हा त्याचा पेशाच होता. ही गोष्ट येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, अलीकडील कित्येक टीकाकारांस या चित्रांत गरिबांविषयींचा कळवळा ओतप्रोत भरलेला दिसतो. आमच्या मतें चित्रांवरून हें सिद्ध होत नाहीं. चित्रांवरून एवढेंच सिद्ध होतें कीं कॅमेरा बोळाच्या आंत गेला, परंतु एकाही घराचा उंबरठा त्यानें ओलांडला नाहीं. बोळांतील माणसें उभीं आहेत, परंतु एकाचेंही नांव कोठें नाहीं. चित्राखालीं असतें तें घराच्या नंबराचें नांव : 'क्लोज, नंबर ११८, हाय स्ट्रीट', 'क्लोज, नंबर ८०, हाय स्ट्रीट', 'क्लोज, नंबर ४६, सॉल्टमार्केट'. ही भाषा कळवळ्याची नव्हे, जप्तीच्या यादीची आहे.

घर पाडणारानें पाडण्यापूर्वीं काढविलेलें हें चित्र आहे, तेव्हां त्याची साक्ष पक्षकाराची साक्ष समजली पाहिजे. पण पक्षकाराची साक्ष म्हणून ती फेंकून द्यावी असें मात्र नव्हे. कंपनी सरकारच्या इनाम कमिशनचे कागद कोणत्या हेतूनें तयार झाले हें कोण जाणत नाहीं? तरीही आमच्या घराण्यांच्या इतिहासास ते आज किती उपयोगी पडतात! हेतु एक असतो आणि कागदांत उतरतें तें त्याहून पुष्कळ अधिक असतें. ट्रस्टला अंधार व दाटी दाखवावयाची होती, ती दिसतेच. पण त्याबरोबर खिडक्यांतून आडव्या बाहेर काढलेल्या काठ्या, त्यांवर वाळणारे कपडे, मधल्या पन्हळींतून चकाकणारें पाणी, पायऱ्यांचे झिजलेले दगड, आणि रस्त्याच्या चित्रांतून दुकानांच्या पाट्या, हें सर्व न बोलावतां आलेलें आहे. सॉल्टमार्केटच्या ४६ नंबरच्या बोळांत डोक्यावर जी कपड्यांची रांग लोंबते आहे ती पाहून कोणी असें म्हणेल कीं, घाणीचा पुरावा म्हणून घेतलेल्या चित्रांत धुतलेल्या कपड्यांचा पुरावा अधिक ठळक उमटला आहे.

दुकानांच्या पाट्यांसंबंधानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रांच्या संग्रहांवर जे काल दिलेले आहेत ते सबंध संग्रहाचे आहेत. १८६८ ते १८७१ असे. त्यांतील एखादें चित्र नेमकें कोणत्या सालचें हें ठरवावयाचें तर आपण 'छ' च्या तारखेवरून व वारावरून जंत्री लावून बिनसालाच्या पत्राचा काल काढतों त्याच वाटेनें गेलें पाहिजे. ग्लासगोच्या टपालखात्याच्या नांवाची व्यापाऱ्यांची व रहिवाशांची सूची १८२८ पासून वर्षानुवर्षें छापली जात असे. पाटीवर जें नांव वाचतां येतें तें सूचींत केव्हां येतें व केव्हां नाहींसें होतें, हें पाहिलें कीं चित्राच्या कालाची वरची व खालची मर्यादा हातीं येते. हाय स्ट्रीट दक्षिणोत्तर असल्यामुळें त्याचे बोळ पूर्वपश्चिम जातात हेंही ध्यानांत ठेवावें. पंचावन्न अंशांपलीकडच्या त्या उत्तर प्रदेशांत अशा बोळाच्या तळाशीं सूर्यकिरण सहसा पोंचत नाहीं, आणि कॅमेऱ्याचें झांकण बराच वेळ उघडें ठेवावें लागे. माणूस तेवढा वेळ निश्चल राहिला तर तो चित्रांत आला. हलला तर धुक्यासारखा डाग उमटला. चालून गेला तर मुळींच आला नाहीं. म्हणून या चित्रांत बोळ रिकामे दिसले तर ते रिकामे होते असें अनुमान काढूं नये. मुलें तर स्थिर उभीं राहतच नाहींत. त्यांचीं डोकीं दोनदोन ठिकाणीं उमटलेलीं आहेत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. 'ॲननचीं चित्रें' या एका नांवाखालीं वस्तुतः तीन निरनिराळे पाठ फिरत आहेत आणि त्यांचा भेद न करतां त्यांवरून लिहिणें चाललें आहे.

पहिला पाठ १८७१ चा. यांत ३१ चित्रें. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर तीं काचेच्या मूळ ठशावरून उतरविलेलीं आहेत. छापील मजकूर कसलाही नाहीं. शीर्षक रूक्ष : रस्ते, बोळ वगैरेंचीं छायाचित्रें, १८६८-७१ मध्यें घेतलेलीं. प्रती अगदीं थोड्या निघाल्या, आणि त्या ट्रस्टच्या मंडळींसाठीं होत्या. दुसरा पाठ १८७८-७९ चा, ४० चित्रांचा, ट्रस्टसाठींच केलेला. हा कार्बन पद्धतीचा आहे. म्हणजे काजळीसारखा रंग सरसांत घोटून त्याचा छाप घेतलेला. जोसेफ स्वान यानें शोधलेल्या या पद्धतीचे स्कॉटलंडपुरते हक्क ॲनननें १८६६ तच विकत घेतलेले होते. हे छाप विटत नाहींत, आणि त्यामुळें दिसण्यांत ते पहिल्या पाठाहून सरस आहेत. परंतु शीर्षकांत एक शब्द नवीन शिरला आहे : 'जुने'. जे बोळ सात वर्षांपूर्वीं नुसते बोळ होते ते आतां 'जुने बोळ' झाले. कांहीं पडले होते, कांहीं पडावयाचे होते. ऑक्टोबर १८७८ मध्यें सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, जमिनीचे भाव कोसळले आणि ट्रस्टचें काम अडून राहिलें. विकत घेतलेलीं घरें पाडतांही येईनात व विकतांही येईनात. तेव्हां वाईट घरें नाहींशीं करण्यासाठीं निर्माण झालेली संस्था त्याच घरांचें भाडें वसूल करीत बसली. एका शब्दाच्या मागें एवढा इतिहास आहे. संहितेचा अभ्यास करणारानें शीर्षकपत्रही वाचावें तें यासाठीं.

तिसरा पाठ १९०० सालचा. चित्रें ५०, पद्धति फोटोग्राव्ह्यूरची, आणि आरंभीं विल्यम यंग याची प्रस्तावना. या वेळीं टॉमस ॲनन हयात नव्हता. तो १८८७ तच वारला. काम त्याच्या पुत्रानें, जेम्स क्रेग ॲनन यानें केलें. त्यानें १८८३ सालीं व्हिएन्नास कार्ल क्लीच याच्याकडे जाऊन ही विद्या संपादन केली होती, आणि स्वतः तो उत्तम कलावंत म्हणून युरोपांत गाजला. या आवृत्तींत बापाच्या मृत्यूनंतर पेढीनें घेतलेलीं चित्रेंही घातलेलीं आहेत. एकाच पोथींत दोन हात आले म्हणजे जी सावधगिरी आपण बाळगतों ती येथें बाळगावयास हवी. पण याहूनही गंभीर गोष्ट दुसरीच आहे. फोटोग्राव्ह्यूरमध्यें चित्र तांब्याच्या पत्र्यावर उतरवून तो पत्रा आम्लानें खोदतात, आणि मग शाई भरून त्यावरून छापतात. पत्र्यावर हात फिरविण्यास त्यांत भरपूर वाव असतो. क्रेग ॲनननें तो हात फिरविला. मूळ चित्रांत कोरें असलेलें आकाश कांहीं ठिकाणीं ढगांनीं भरलें. हललेल्या माणसांचे जे पुसट डाग होते त्यांतील कांहीं काढून टाकले. आपल्याकडे ताम्रपट म्हटला कीं तो शिरसावंद्य. येथें मात्र तिन्हींत कमी विश्वासाचा असा जो पाठ तोच तेवढा तांब्यावरचा आहे!

नकलकाराची एक खोड सर्व देशांत सारखीच आढळते. त्यास जो शब्द अडतो तो तो सुलभ करतो. मूळ लेखकानें लिहिलेला दुर्बोध, ओबडधोबड शब्द काढून तेथें आपल्या काळचा गुळगुळीत शब्द घालतो, आणि आपण पोथी शुद्ध केली असें मनापासून समजतो. म्हणून दोन पाठांपैकीं जो अवघड तो बहुधा मूळचा, हा नियम संपादक पाळतात. तो नियम येथें अक्षरशः लागू पडतो. दोन डोक्यांचें पोर हा अवघड पाठ आहे. तो डोळ्यांस खुपतो, चित्र 'बिघडवतो'. परंतु तें पोर तेथें होतें, त्या दिवशीं त्या वेळीं तें त्या पायरीवर होतें, आणि त्यानें मान वळविली, एवढें त्या डागानें सांगितलें. तो डाग पुसणारानें एक माणूस खोडला. त्याच्या जागीं आणलेले ढग त्या बोळावर कधीं आलेच नव्हते. कलेच्या न्यायानें क्रेगचें करणें कदाचित् समर्थनीय ठरेल. त्याचीं पानें पाहावयास फार सुंदर आहेत हें आम्ही मान्य करतों. साधन म्हणून मात्र १९०० ची आवृत्ति जेथें पहिल्या पाठाशीं जुळत नाहीं तेथें ती प्रक्षिप्त समजून सोडून द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खेदाची गोष्ट अशी कीं, आज संगणकाच्या पडद्यावर या तिन्ही पाठांतील चित्रें एकाच नांवाखालीं सरमिसळ होऊन फिरतात. खालीं '१८६८' लिहिलेलें असतें आणि वर १९०० चे ढग असतात.

तुलनेसाठीं दोन शहरांचा उल्लेख करतों. लंडनमध्यें १८७५ सालीं ऑक्सफर्ड आर्म्स नांवाची जुनी धर्मशाळावजा खानावळ पाडली जाणार असें कळल्यावर आल्फ्रेड मार्क्स यानें कांहीं मित्र जमवून एक मंडळी स्थापली व १८८६ पर्यंत जुन्या लंडनच्या अवशेषांचीं १२० छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. यांत सरकारी हेतु नव्हता, निव्वळ पुराणवस्तुप्रेम होतें. चित्रेंही न विटणाऱ्या कार्बन पद्धतीचीं. मार्क्सनें पुढें वर्णनपर मजकूरही दिला. इतकें असून हा संग्रह आम्हांस ॲननच्या पहिल्या संग्रहापुढें उणा वाटतो. याचें कारण निवडीचें. मंडळीनें जें जुनें, सुंदर व नांवाजलेलें तेवढेंच घेतलें. राजवाड्याचा फोटो ठेवून आळीचा टाकून देणारा आमचा संग्राहक आणि ही मंडळी एकाच पंक्तींतलीं. ॲननपुढें मात्र निवड कायद्यानें आंखून दिलेल्या टापूची होती. त्यांत शोभा असो वा नसो, बोळ घ्यावाच लागला. पॅरिसचा शार्ल मार्व्हिल हा १८६२ पासून त्या शहराचा अधिकृत छायाचित्रकार. ओस्मान यानें ज्या जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले त्यांचीं सुमारें ४२५ चित्रें त्यानें घेतलीं. त्याच्या नांवें देण्याच्या पद्धतीचें अनुकरण आमच्या लोकांनीं करावें : तो नुसतें गल्लीचें नांव देत नाहीं, ती कोणत्या गल्लीच्या तोंडाशीं उभें राहून पाहिली तेंही देतो. मे १८७१ च्या बंडाळींत पॅरिसची नगरकचेरी तिच्यांतील ग्रंथालयासह जळाली. ज्या शहराचे कागद जळतात तेथें रस्त्यांचीं चित्रें कोणत्या योग्यतेस चढतात हें निराळें सांगावयास नको.

आतां घरच्या गोष्टी. मुंबईस १८९६ त प्लेग आला आणि १८९८ च्या कायद्यानें मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या घडणीवर ग्लासगोच्या ट्रस्टची छाया स्पष्ट आहे. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यानें दाट वस्तीतून काढले. १९३३ सालीं तो म्युनिसिपालिटींत विलीन झाला. ट्रस्टपूर्वींच, १८९७ त, प्लेग कमिटीच्या कामाचीं चित्रें कॅप्टन मॉस यानें घेतलेलीं आहेत. त्यांत घरांच्या दर्शनी भिंतींवर काढलेलीं वर्तुळें दिसतात. तीं वर्तुळें म्हणजे त्या घरांत प्लेग शिरल्याची खूण. पुण्यास काय किंवा मुंबईस काय, प्लेगसंबंधीं आमच्या लोकांनीं वृत्तपत्रांतून व आठवणींतून पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु आळीचें तोंड, ओट्याची उंची, खिडकीची जाळी, भिंतीवरचें वर्तुळ हें लेखकास नित्याचें असल्यामुळें त्यानें तें लिहिलेंच नाहीं. हीं चित्रेंही पक्षकाराचींच. तरी तीं ग्लासगोच्या चित्रांप्रमाणेंच उलटतपासणी करून वाचण्यासारखीं आहेत. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच निघाली होती आणि डॉक्टर भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी यांस या विद्येची गोडी होती. म्हणजे आमच्याकडे हें साधन उशिरा आलें ही सबब चालावयाची नाहीं.

पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील जुनें बांधकाम एका दिवसांत गेलें. त्या पेठांचीं त्यापूर्वींचीं साधीं चित्रें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं लग्नमुंजीच्या चित्रांखालून वर काढावीं. पाठीमागें मऊ शिसपेनीनें, फार न दाबतां, पेठेचें नांव, कॅमेऱ्याचें तोंड कोणत्या दिशेस, आणि ही माहिती कोणी सांगितली हें लिहावें. आल्बम फोडूं नये. पोथीचीं पानें सुटीं करून विकणारास आपण काय म्हणतों? आल्बममध्येंही क्रम हाच निम्मा पुरावा असतो. कोणत्या चित्रामागून कोणतें आलें यावरून चालणाराची वाट कळते.

ॲननचीं सुटीं पानें मात्र बाजारांत येतात व आपल्याकडील हौशी मंडळीही तीं घेतात, म्हणून पारखीच्या खुणा देऊन ठेवितों. कागदाच्या कडेनें पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली असेल व भिंगाखालीं शाईचे बारीक कण दिसत असतील तर पान १९०० चें फोटोग्राव्ह्यूर समजावें. पान उजेडांत तिरकस धरल्यावर काळोख्या भागाचा थर उजळ भागाहून किंचित् उचललेला दिसला आणि पांढरें अद्याप पांढरेंच राहिलें असेल तर तो कार्बन छाप, १८७८-७९ चा. पांढरें पिवळट झालेलें, काळें तपकिरीकडे झुकलेलें, पृष्ठभाग गुळगुळीत व कागदाचे तंतु थराखालून दिसणारे, असें असेल तर पान १८७१ चें असण्याचा संभव आहे. मग आकाश पाहावें. तें कोरें असलें पाहिजे.